व्रताचं वर्ष

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक बाई भर दुपारी माझ्याकडे आली. आत येऊन तिने दार लोटलं, खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "काकू, आमच्या पोरीला छातीचं निघालंय. तुम्हाला झालं होतं ना ते मागं? पण कुणापाशी बोलू नका बरं का. स्थळं बघायलोत."

मी तिला चहा केला. तिने तो पूर्ण प्यायला, हे मी बघून घेतलं. जुनी सवय आहे, जात नाही.

तिला जे सांगितलं ते इथे लिहिते आहे. जे सांगायला त्या दुपारी जीभ वळली नाही, तेही लिहिते. गोळ्या कोणत्या आणि किती हे डॉक्टर सांगतील, ते माझं काम नाही. मी फक्त त्या दिवसांत कशी राहिले ते सांगू शकते. फार शूरपणे राहिले असं काही नाही. बहुतेक वेळ दमलेली असायचे. आजही ते दिवस आठवले की आधी थकवा येतो आणि मग बाकीचं आठवतं.

आजाराचं नाव टी.बी. गल्लीतली बाई 'छातीचं' म्हणाली. माझ्या सासूबाई 'ते' म्हणायच्या. आमचे हे 'तुझी तब्येत' म्हणायचे. आमच्या घरात त्या सबंध काळात कुणी ते नाव उच्चारलं नाही.

खानावळ

आम्ही सिडकोत राहायचो. हे सरकारी कचेरीत कारकून. सासरे, जोशीबुवा, खेड्यावर भिक्षुकी करायचे. ते गेल्यावर सासूबाई देवघर उचलून आमच्याकडे आल्या. त्याच सुमारास चिकलठाण्याला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, वाळूजकडेही जमिनी घेणं सुरू झालं होतं. कन्नड, सिल्लोड, वैजापूर अशी कुठकुठली मुलं नोकरीला येत. एका खोलीत चारचार राहत. हातात पगार, पण पोटाला धड काही नाही. समोरच्या घरात भाड्याने राहणारी दोन मुलं एकदा पातेल्यात जळलेला भात खरवडून खाताना दिसली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याकडे जेवायला लागली. मग त्यांचे मित्र आले. बघता बघता बाहेरच्या खोलीत तीन पंगती उठायला लागल्या.

मला धंदा करायचा होता असं नाही. पण लागला तो नाद. आठवडाभर वरण, भाजी, पोळी ठरलेली, पण रविवारची फीस्ट माझी असायची. एकाच पदार्थाची पुन्हा फीस्ट करायची नाही, असा मी हट्ट धरला होता. शिळ्या भाकरीचा चुरा तुपावर परतून, गूळ आणि खसखस घालून मी एक खीर केली होती. ती मुलं अजून कुठे भेटली तर तिचं नाव काढतात. तिला नाव नव्हतंच. 'काकूंची ती' एवढंच म्हणायची. कुणी चित्रं काढतं, कुणी गातं, माझं जे काय होतं ते रविवारी पातेल्यात पडायचं.

विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा पेटलेला होता. आमच्याकडे दोन्हीकडची मुलं जेवायची. नामांतर झालंच पाहिजे म्हणणारी होती आणि होऊ देणार नाही म्हणणारीही. सासूबाईंनी नियम केला होता, की ताटावर बसलं की नामांतर नाही. कुणी आवाज चढवला की त्या आतूनच ओरडायच्या, "आमटी वाढणं बंद करीन हं!" मग दोन्ही बाजू मुकाट जेवायच्या. मी कुणाला जात विचारली नाही. सासूबाईंनीही विचारली नाही, कारण त्या सगळ्यांपासूनच सारख्या लांब असायच्या. आतल्या खोलीत, सोवळ्यात, सगळ्यांचं झाल्यावर, एकट्या जेवायच्या.

ठसका

खोकला दिवाळीनंतर लागला. पण खानावळवालीचा खोकला कुणी मनावर घेत नाही. मिरचीची फोडणी बसली की सगळ्यांनाच ठसका लागतो. मुलं म्हणायची, "काकू, आज तिखट जोरात दिसतंय!" मीही हसायचे. अंगातलं पोलकं ढिलं झालं तर काम जास्त पडतंय म्हटलं. संध्याकाळी कणकण यायची, तर चुलीच्या धगीने म्हटलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे स्वयंपाकघरातलं उत्तर तयार होतं. मोरीत थुंकीतून लाल आलं तेव्हा मात्र उत्तर सापडेना.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि विचारलं, "काय करता तुम्ही?"

"खानावळ आहे."

त्यांनी फोटो खाली ठेवला. "औषधानं बरं होतं हे. पूर्ण बरं होतं. पण तोपर्यंत चुलीपाशी जायचं नाही. आणि घरातल्यांनाही तपासून घ्या."

परत येताना हे सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. मला एकसारखं डोळ्यांसमोर येत होतं की फीस्टसाठी आणलेले मटार घरी ढिगाने पडलेत, ते आता कोण सोलणार. छातीत भोक पडलेलं कळल्यावर माणूस मटारांचं कशाला रडतो? पण मी मटारांचंच रडले. खानावळ गेली, माझ्या हातचं आता कुणी खाणार नाही, हे तेव्हाच पक्कं कळलं होतं आणि त्याचंच ते रडं होतं.

ह्यांचे आणि सासूबाईंचे फोटो स्वच्छ आले. त्या दिवशी मी देवापुढे बसले आणि काही न मागता उठले. मागण्यासारखं होतं ते मिळालं होतं.

सासूबाईंची युक्ती

मुलांना सांगायचं काय? हे म्हणाले, बंद करू. सासूबाई म्हणाल्या, "बंद कशाला? मी आहे ना." साठी उलटलेली, गुडघे धरलेले. मी म्हटलं, मुलं विचारतील काकू कुठे, का दिसत नाहीत, का वाढत नाहीत.

सासूबाई जरा वेळ जपाची माळ ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "व्रत धरलंय म्हणू."

"कसलं व्रत?"

"कुलदेवीचं. वर्षाचं. वेगळी खोली, वेगळं पान, वेगळा तांब्या. कुणाला शिवायचं नाही, बोलायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. आहेच की असं. माझ्या आत्यानं केलं होतं."

खरोखरच तसं व्रत असतं की नाही कोण जाणे. पण माझ्यावर जे जे बंधन आलं होतं ते सगळं त्यात चपखल बसत होतं. मागची खोली मला दिली. ताट, वाटी, तांब्या, अंथरूण वेगळं झालं. पाणी वरून ओतायचं, ताट उंबऱ्याच्या आत सरकवायचं. आठवड्याभरात सिडकोत झालं की जोशीबुवांच्या सुनेने कडक व्रत धरलंय.

मग बायका यायला लागल्या. मागच्या खिडकीशी उभ्या राहून नमस्कार करायच्या. कुणी फुलं ठेवी, कुणी नारळ. एकीने आपलं तान्हं मूल खिडकीतून माझ्या पायांवर घालायला उचललं. मी दोन्ही हातांनी 'नको, नको' केलं आणि भिंतीला जाऊन चिकटले. ती बाई बाहेर दुसरीला म्हणाली, "बघा, किती पाळतात!"

मला हसू यायचं आणि चीडही यायची. तोच वरून ओतलेला तांब्या, तेच लांबून सरकवलेलं ताट. देवीचं म्हटलं की लोक हात जोडतात आणि रोगाचं म्हटलं की तोंड फिरवतात. ज्यांना जन्मभर असं लांबून वाढलं गेलं त्यांच्या वाट्याला तर यातला नमस्कारही आला नाही. रस्त्यावरून मोर्चा जायचा, घोषणा मागच्या खोलीपर्यंत ऐकू यायच्या. आधी मी त्या नुसत्या ऐकत असे. त्या वर्षी पडल्यापडल्या त्या मला कळायला लागल्या. यापेक्षा जास्त काही मी केलं नाही, तेव्हा उगाच मोठेपणा नको.

रोज सकाळी सासूबाई उंबऱ्याशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आज काय करू?" बोलायचं नाही हे व्रत बाहेरच्यांसाठी होतं. मी पडल्यापडल्या सांगायचे, कोबीत आज खोबरं घाला, डाळीला लसणाची फोडणी वरून द्या. त्या निमूट ऐकायच्या आणि जाऊन स्वतःच्या मनाचं करायच्या. कोबी शिजून लगदा झाल्याचा वास भिंतीतून यायचा. तरी रोज विचारायच्या. ते विचारणं होतं म्हणून मी सकाळची उठून बसायचे.

सुईची रांग

सुरुवातीला रोज सुई असायची. पहाटे अंधुक असतानाच पदराने तोंड गुंडाळून मी ह्यांच्या सायकलवर क्षयरोग केंद्रात जायचे, रहदारी वाढायच्या आत परत. केंद्रात एक लांब बाकडं, भांड्यात उकळणाऱ्या सुया आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही असा अलिखित करार. सुईनंतर कान वाजायचे, चालताना जमीन कलंडायची. बसायचं ते एका बाजूवर.

त्या बाकड्यावर मला हौसाबाई भेटली. कन्नडकडची धनगराची बाई, साठीला आलेली, काळीसावळी, उंच. मेंढरं विकून टाकली होती. मुलगा चिकलठाण्याला कंपनीत लागला होता, त्याच्या खोलीवर राहून औषध घेत होती. करार तिला मान्य नव्हता. पहिल्याच दिवशी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं किती दिसाचं हाय? तोंड कशाला झाकता बाई, हितं समदे त्याच वाटंचे."

त्या वर्षात माझ्याशी इतकं मोकळं बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. ती मेंढरांच्या गोष्टी सांगायची, कोणती लबाड, कोणती आजारी पडली की एकटी जाऊन उभी राहते. माझ्याच तांब्यातलं पाणी मागून घ्यायची आणि ओठ लावून प्यायची. डॉक्टर सांगून चुकले होते की आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. ते वाक्य मी घरी सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी ऐकलं आणि ताट उंबऱ्यावरूनच सरकत राहिलं. हौसाबाईने काही ऐकलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

एकदा शहर बंद होतं. नामांतरावरून आदल्या दिवशी दगडफेक झाली होती, रस्त्यावर काचा, एकही रिक्षा नाही. सुई चुकवायची नव्हती म्हणून ह्यांनी मला गल्लीबोळांतून सायकलवर नेलं. चौकात पोलिसाने काठी आडवी धरली. "कुठं?" "हिची... तब्येत..." एवढंच हे म्हणत राहिले. मीच पदर खाली केला आणि म्हटलं, "टी.बी. आहे मला. सुईला चाललेय." पोलीस चार पावलं मागे सरला आणि काठी वर गेली. ते नाव कधी एवढं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पुढे गेल्यावर हे सायकल चालवता चालवता हसायला लागले, मीही हसले. दोघं मिळून कितीतरी दिवसांनी हसलो.

हौसाबाई त्या दिवशी चिकलठाण्यापासून चालत आली होती. बाकड्यावर टेकताना म्हणाली, "पायाचे तुकडे पडले. पर मला काय व्हत नाय आता. माझ्याकडं अंगारा हाय."

"कसला अंगारा?"

"पोरगं ज्या खानावळीत जेवतंय ना, तिथल्या बाईंनी लई कडक व्रत धरलंय. वरीसभर कुनाशी बोलत नायत. त्यांच्या हातचा अंगारा आनलाय सोपाननं. रोज कपाळाला लावते आन् चिमूटभर पान्यात टाकते."

सोपान. शेवटी ताक मागणारा, मिरची पोळीत गुंडाळून खाणारा आमचा सोपान. घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आई आजारी आहे म्हणून रडायला आला तो. नाही कसं म्हणायचं? उदबत्तीची रक्षा दिली पुडीत बांधून. त्यानं काय बिघडलं?"

मलाही वाटलं, काय बिघडलं.

बाकड्यावर

उन्हाळा लागताना एका सकाळी हौसाबाई रांगेत न बसता थेट माझ्यापाशी आली. हातात गाठोडं होतं.

"भेटायला आले व्हते. गावाकडं निघाले. बास झाल्या सुया."

"डॉक्टरांनी सोडलं?"

"डाक्तर काय सोडतोय! मला बरं वाटायलंय. खोकला गेला, भूक लागायलीय. अंगारा लागू पडला बगा."

मी म्हटलं, बरं वाटलं तरी थांबायचं नसतं. मधे सोडलं की उलटतं, मग ह्या सुयांनाही दाद देत नाही, डॉक्टर रोज हेच तर ओरडतात.

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्हीबी सुयाच घेताय की. आन् तुमच्या डोळ्याखालचं काळं अजून गेलं नाय. सुईनं झालं असतं तर तुम्हाला नसतं का झालं? माझं अंगाऱ्यानं झालं. तुम्हाला सांगू का, तुम्हीबी आना. सोपानला सांगते म्या."

माझे कान वाजत होते. मी तिथे बसून सगळं मनात मांडून बघितलं. बोलले तर सोपानला कळणार. सोपानला कळलं की तिन्ही पंगतींना कळणार. सासूबाईंचे गुडघे, ह्यांची इभ्रत, माझी चूल, सगळं एका वाक्यात जाणार. नाही बोलले तर ही बाई दुपारच्या एस.टी.ने कन्नडला जाईल आणि पावसाळा संपेपर्यंत टिकणार नाही. असं सोडून गेलेले परत येताना मी बघितले होते. त्यांना दोघं दोन बाजूंनी धरून आणायचे.

मी फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मला फक्त अतिशय दमायला झालं. व्रताचं ओझं उचलून धरायला त्या क्षणी अंगात जोर नव्हता.

"हौसाबाई," मी म्हटलं, "ती व्रतवाली बाई मीच."

ती हसली. "काय बी बोलता."

"सोपान शेवटी ताक मागतो. मिरची पोळीत गुंडाळून खातो. व्रत नाही माझं. मला हेच झालंय, तुम्हाला झालंय ते. म्हणून मागच्या खोलीत बसवलंय. अंगारा माझ्या हातचा नाही, उदबत्तीची राख आहे. तुम्ही बऱ्या होताय त्या ह्या सुयांनीच."

तिचं हसू गेलं. मग जे बोलली ते मी धरून चालले नव्हते.

"माझं पोरगं जेवतंय तुमच्या घरात!"

"मी चुलीला हात लावलेला नाही, तुमची शपथ..."

"माझं एकुलतं पोरगं जेवतंय तितं!" ती ओरडली. सबंध बाकडं आमच्याकडे बघत होतं. गाठोडं उचलून ती चालायला लागली. मी सुई घेतली आणि घरी आले.

संध्याकाळी जेवायला सोपान आला नाही. त्याच्या खोलीतली मुलंही आली नाहीत. दोन दिवसांत पंगती तीनवरून एकवर आल्या. ज्यांनी खिडकीशी नारळ ठेवले होते त्या बायका पलीकडच्या गल्लीने जायला लागल्या. मुलांनी जाऊन छातीचे फोटो काढले. मला कळलं तेवढ्यांचे तरी स्वच्छ निघाले, देवाची कृपा. नामांतरावरून एकमेकांच्या उरावर बसणारी मुलं माझ्या बाबतीत एका मताची झाली होती.

हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "एवढं सगळं झाकून आणलं होतं! तुला काय नडलं होतं?" सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कोण बोललं?" मी म्हटलं, "मीच." त्या आत गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याशी येऊन 'आज काय करू' विचारणं बंद झालं. मला बाकी सगळं सोसवलं, ते नाही सोसवलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी केंद्रात गेले तर हौसाबाई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली. गाठोडं नव्हतं. माझ्याकडे पाठ करून बसली होती. पण बसली होती. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

पाठ तिने पुष्कळ दिवस ठेवली. तिच्या सुया संपल्या त्या दिवशी जाताना माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "अंगारा ठिवलाय अजून. टाकूशी वाटंना." मी म्हटलं, ठेवा. ती पूर्ण बरी होऊन गावी गेली. सोपान मात्र आमच्याकडे परत कधी जेवला नाही. रस्त्यात दिसला की खाली मान घालतो. मला त्याचा राग नाही. आईने शपथ घातली असेल. मी आई असते तर मीही घातली असती.

चूल

गोळ्या पुढे बरेच महिने चालल्या. रविवारी हे मला हर्सूलच्या तलावावर मोकळ्या हवेला न्यायचे. आम्ही काठाशी बसायचो. ह्यांचा राग कधी गेला ते कळलं नाही. एकदा माझ्या हातातला अर्धा पेरू घेऊन त्यांनी खाल्ला आणि त्यांचं त्यांनाच लक्षात आलं, तेव्हा बी चावल्यासारखं करून दुसरीकडे बघितलं.

शेवटचा फोटो स्वच्छ आला. त्याच तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "संपलं. आता करा खुशाल स्वयंपाक."

दुसऱ्या दिवशी न्हाऊन मी स्वयंपाकघरात गेले. ये असं कुणी म्हटलं नाही, नकोही कुणी म्हटलं नाही. सासूबाई ओट्यापासून बाजूला झाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. मी वरण लावलं, भात टाकला, मेथी निवडली. हात सगळं विसरले होते. डबे शोधत होते, तेल जास्त पडत होतं. नैवेद्याचं ताट सासूबाईंनी नेलं. देवाने काही 'नको' म्हटलं नाही. त्याचं बरं असतं.

मग मुलं आली. उरलेली सात-आठच. आज काकूंनी केलंय हे त्यांना कळलं होतं. दाराशी घुटमळली. मोरीवर हात धुवायला गेली ती धूतच राहिली. एक म्हणाला, "काकू, माझं पोट जरा..." दुसऱ्याला सेकंड शिफ्टची घाई आठवली. दोघं पाटावर बसले, पण ताटाला हात लावेनात. मी हातात भाताचं पातेलं धरून उभी होते. कुणी वाईट बोललं नाही, चांगली मुलं होती. पण मला कळलं, की फोटो डॉक्टरांपाशी स्वच्छ आला असला तरी इथे तो कुणी बघितलेला नाही, आणि बघणारही नाही. पातेलं खाली ठेवावं, आत जावं आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यावं, असं मनात आलं.

तेवढ्यात सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. गुडघ्यावर हात टेकत बाहेरच्या खोलीत आल्या, जिथे इतक्या वर्षांत कधी जेवायला बसल्या नव्हत्या. मुलांच्या पंगतीत, दोन मुलांच्या मधल्या पाटावर बसल्या आणि समोरचं ताट पुढे ओढलं.

"वाढ गं," म्हणाल्या. "भात वाढ."

"आई," हे दारातून म्हणाले, "आज एकादशी आहे."

"मला पंचांग कळतं."

त्या बाईने सासरे गेले त्या आठवड्यातली एकादशीही मोडली नव्हती. मी भात वाढला. वरण वाढताना अर्धं ताटाबाहेर सांडलं. त्यांनी ते बोटाने आत ओढून घेतलं. भात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि उरलेल्या चार दातांनी सावकाश चावला. घास गिळला.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या. मग मान वर करून मुलांकडे बघितलं. "काय रे, उभ्यानं जेवणार का? बसा की."

पोट बिघडलेला बसला. मग सेकंड शिफ्टवाला बसला. मी खाली मान घालून वाढत गेले, भात, वरण, मेथी, पोळी. डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं. पंगतीचं टोक गाठून परत आले तेव्हा सासूबाईंचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं आणि हात ताटातच होता.

"अजून थोडा घाल," त्या म्हणाल्या.